परवडणारा कॅमेरा आणि निवडलेले भिंग : स्वतंत्र चित्रपटातील निवेदनाचा विचार

चित्रपट आणि साहित्य यांच्या परस्परसंबंधांचा विचार तौलनिक साहित्याभ्यासात बहुधा माध्यमांतराच्या अंगाने केला जातो. कादंबरीचा चित्रपट होताना काय गळते, काय नव्याने येते, कथानकाची व पात्रांची फेरमांडणी कशी होते, असे प्रश्न त्यात विचारले जातात. या चर्चेमागे एक गृहीतक असते. लेखन ही एकट्याने, अल्प खर्चात आणि हव्या त्या गतीने करता येणारी कृती आहे, तर चित्रपट हे भांडवल, यंत्रसामग्री आणि मनुष्यबळ यांवर अवलंबून असलेले सामूहिक उत्पादन आहे, असे ते गृहीतक होय. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ते बव्हंशी खरे होते. १९९५ नंतर बाजारात आलेल्या स्वस्त डिजिटल कॅमेऱ्यांनी मात्र त्याची फेरतपासणी अटळ केली आहे.

या बदलाचे वर्णन करताना ‘खर्च कमी झाला’ एवढेच सामान्यतः सांगितले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. परवडणाऱ्या कॅमेऱ्याने चित्रपटकर्त्याला लेखकापाशी पूर्वापार असलेला वेळ मिळवून दिला. आणि त्या कॅमेऱ्यावर कोणते भिंग बसवायचे याचा निर्णय हा निवेदनाचा निर्णय ठरला. प्रस्तुत लेखात या दोन बाबींचा, म्हणजे वेळेचा आणि भिंगाचा, काही निवडक चित्रपटांच्या आधारे विचार केला आहे.

१. लेखणीचे रूपक

कॅमेरा लेखणीसारखा असावा ही कल्पना डिजिटल तंत्राहून बरीच जुनी आहे. फ्रेंच समीक्षक व दिग्दर्शक अलेक्सांद्र आस्त्रुक यांनी मार्च १९४८ मध्ये ‘लेक्रां फ्रांसे’ या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात ‘कॅमेरा-लेखणी’ ही संज्ञा मांडली. कादंबरीकार किंवा निबंधकार जसा आपला विचार भाषेतून थेट व्यक्त करतो, तसा चित्रपटकर्त्याला तो चित्रांतून व्यक्त करता यावा, अशी त्यांची भूमिका होती. १६ मिलिमीटरची फिल्म आणि दूरचित्रवाणी यांच्या प्रसाराकडे त्यांनी मोठ्या आशेने पाहिले होते. ‘दिग्दर्शक हाच चित्रपटाचा लेखक’ हा पुढे फ्रान्समध्ये रूढ झालेला विचार काही अंशी याच मांडणीतून वाढला.

रूपक आकर्षक होते, परंतु व्यवहार त्याच्या आड येत होता. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटी या गतीने चालवली असता मिनिटाला ९० फूट खर्च होते. म्हणजे एक हजार फुटांचे रीळ जेमतेम अकरा मिनिटे पुरते. कच्ची फिल्म, प्रयोगशाळेतील प्रक्रिया आणि प्रती यांचा खर्च प्रत्येक मिनिटामागे उभा असे. लेखक एखादे वाक्य दहा वेळा खोडून पुन्हा लिहितो तेव्हा त्याचा कागद वाया जातो. चित्रपटकर्त्याने एकच दृश्य दहा वेळा घेतले तर निर्मात्याचे अंदाजपत्रक कोलमडते. खाडाखोडीचा हा अधिकार लेखनात इतका स्वाभाविक असतो की त्याची किंमत सहसा लक्षात येत नाही.

भारतीय चित्रपटाच्या प्रारंभी यंत्र आणि कर्ता यांच्यात पुढील काळापेक्षा अधिक जवळीक होती, हेही येथे नोंदवले पाहिजे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला आणि वाटाण्याच्या रोपाच्या वाढीचे चित्रण करून तो पारखला. त्यांच्या घरातच प्रयोगशाळा होती आणि फिल्मला छिद्रे पाडण्यापासूनची कामे सरस्वतीबाई फाळके करीत. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी तर स्वतःचा कॅमेरा तयार केला आणि त्यावर ‘सैरंध्री’ हा १९२० सालचा चित्रपट उभा राहिला. स्टुडिओ-व्यवस्था स्थिरावल्यावर यंत्राशी असलेले हे घरगुती नाते संपले. डिजिटल कॅमेऱ्याने ते वेगळ्या स्वरूपात परत आणले.

२. लहान कॅमेरा आणि कर्त्याची उपस्थिती

१९९५ साली डीव्ही हे चित्रमुद्रणाचे नवे स्वरूप बाजारात आले. त्याच वर्षी आलेला सोनीचा व्हीएक्स-१००० हा कॅमेरा एका हातात धरता येत असे आणि त्यातील चित्रण तारेने थेट संगणकात उतरवता येत असे. चित्रण आणि संकलन ही दोन्ही कामे स्टुडिओबाहेर, घरच्या टेबलावर होऊ लागली.

डेन्मार्कमध्ये त्याच वर्षी लार्स फॉन त्रीअर आणि थॉमस विंटरबर्ग यांनी ‘डॉग्मा ९५’चा जाहीरनामा प्रसृत केला. कॅमेरा हातातच असावा, कृत्रिम प्रकाशयोजना नसावी, दिग्दर्शकाचे नाव श्रेयनामावलीत नसावे, असे त्यातील काही नियम होते. भिंगावर रंगीत गाळणी लावणे आणि प्रकाशीय करामती करणे यांनाही मनाई होती. जाहीरनाम्यात ३५ मिलिमीटरचा आग्रह होता. तो प्रदर्शनाच्या प्रतीपुरता आहे असा अर्थ लावून विंटरबर्ग यांचा ‘फेस्टेन’ (१९९८) सोनीच्या घरगुती वापराच्या लहान डीव्ही कॅमेऱ्यावर चित्रित करण्यात आला. कान महोत्सवात त्या वर्षीचे ज्यूरी पारितोषिक त्याला विभागून मिळाले. वडिलांच्या साठाव्या वाढदिवसाच्या मेजवानीत घराण्याचे भयंकर गुपित उघड होते, असे त्याचे कथानक आहे. छायालेखक अँथनी डॉड मँटल यांचा कॅमेरा जेवणाच्या टेबलाभोवती एखाद्या पाहुण्यासारखा वावरतो. प्रकाश कमी पडतो तेथे चित्र दाणेदार होते, रंग विटतात. ही उणीव त्या कथेत साक्षीचे रूप धारण करते. अशा कौटुंबिक समारंभाचे चित्रण घरोघरी याच जातीच्या कॅमेऱ्याने होत असल्यामुळे कौटुंबिक आठवणींचे साधन येथे कौटुंबिक आरोपपत्राचे साधन बनते.

आन्येस वार्दा यांचा ‘ले ग्लानर ए ला ग्लानझ’ (२०००) हा माहितीपट याच साधनाचा निराळा उपयोग करतो. कापणीनंतर शेतात उरलेले धान्य, बटाटे, फळे वेचणारी माणसे हा त्याचा विषय. मराठीत ज्याला सरवा वेचणे म्हणतात ती ही कृती होय. वार्दा एका हाताने दुसऱ्या, सुरकुतलेल्या हाताचे चित्रण करतात. कॅमेरा बंद करायचा राहून गेल्यामुळे भिंगाचे झाकण लोंबकळत नाचताना चित्रित झाले, तेही त्या चित्रपटात ठेवतात. चित्रपटकर्तीही वेचणारीच आहे, हा या कृतीतून निघणारा आशय कॅमेरा एका हातात मावल्यामुळेच शक्य झाला. ललित निबंधात लेखकाचे ‘मी’पण जसे लेखनाच्या ओघात प्रकटते, तसे ते येथे चित्रणाच्या ओघात प्रकटते.

अब्बास किआरोस्तामी यांनी ‘टेन’ (२००२) या चित्रपटात मोटारीच्या पुढील भागावर दोन डिजिटल कॅमेरे बसवून दहा संभाषणे चित्रित केली. दिग्दर्शक व तंत्रज्ञ मोटारीबाहेर राहिले. वार्दांच्या चित्रपटात कर्ता पूर्णपणे उपस्थित आहे, तर किआरोस्तामींच्या चित्रपटात तो जवळजवळ अनुपस्थित आहे. प्रथमपुरुषी निवेदन आणि केवळ संवादांतून उलगडणारे निवेदन ही दोन टोके एकाच प्रकारच्या स्वस्त यंत्रातून साधली गेली, हे तौलनिक दृष्टीने लक्षणीय आहे.

३. स्पष्टतेचा पट्टा

या पहिल्या पिढीतील कॅमेऱ्यांना एक मर्यादा होती आणि ती समजून घेण्यासाठी थोडे प्रकाशशास्त्र विचारात घ्यावे लागते. भिंगातून आलेला प्रकाश ज्या पृष्ठावर पडतो ते पृष्ठ डीव्ही कॅमेऱ्यात फार लहान, सुमारे ४.८ गुणिले ३.६ मिलिमीटर असे. चित्रपटाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवरील चौकटीची रुंदी साधारणतः २२ ते २५ मिलिमीटर असते. पृष्ठ लहान असेल तर तितकाच दृश्यभाग टिपण्यासाठी कमी नाभीय अंतराचे भिंग लागते आणि अशा भिंगातून जवळच्या व दूरच्या वस्तू एकाच वेळी स्पष्ट दिसतात. किती खोलीपर्यंतचे जग स्पष्ट दिसते, या पट्ट्याला छायालेखक ‘डेप्थ ऑफ फील्ड’ म्हणतात.

एक उदाहरण घेता येईल. ३६ गुणिले २४ मिलिमीटर आकाराच्या पृष्ठावर ५० मिलिमीटरचे भिंग एफ १.४ इतके उघडून दीड मीटरवरील चेहरा टिपला, तर स्पष्टतेचा पट्टा अवघा साडेसात सेंटिमीटरच्या आसपास असतो. डोळे स्पष्ट असतील तर कानांची कड मावळू लागते आणि मागची भिंत तर रंगाचा धूसर डाग होऊन जाते. डीव्ही कॅमेऱ्याच्या लहान पृष्ठावर तेवढ्याच अंतरावरून, तेवढेच दृश्य, तेवढेच छिद्र उघडून टिपले तर हा पट्टा अर्ध्या मीटरहून थोडा अधिक भरतो. प्रेक्षकाला ‘सिनेमासारखे’ आणि ‘व्हिडिओसारखे’ यांतील जो फरक सहज जाणवे, त्याचे एक प्रमुख कारण हे होते. दुसरे कारण गतीचे होते. २००२ मध्ये पॅनासॉनिकच्या डीव्हीएक्स-१०० या कॅमेऱ्याने सेकंदाला २४ चौकटींची सोय परवडणाऱ्या किमतीत आणून ते काहीसे दूर केले.

भिंगाचा प्रश्न सोडवण्यासाठी स्वतंत्र चित्रपटकर्त्यांनी एक विलक्षण उपाय योजला. डीव्ही कॅमेऱ्यापुढे घासलेल्या काचेची तबकडी आणि तिच्यापुढे स्थिरचित्रणाचे जुने भिंग, अशी जोडणी केली जाई. भिंग काचेवर मोठे चित्र उमटवी आणि कॅमेरा त्या काचेचे चित्रण करी. काचेचा दाणा दिसू नये म्हणून ती फिरती किंवा थरथरती ठेवावी लागे. चित्र उलटे येई आणि बराच प्रकाश वाया जाई. तरीही हा खटाटोप केला गेला, यावरून भिंगाने मिळणारी दृष्टी किती मोलाची मानली जात होती ते कळते.

सप्टेंबर २००८ मध्ये कॅननने जाहीर केलेल्या ‘५डी मार्क टू’ या स्थिरचित्रणाच्या कॅमेऱ्याने या खटाटोपाची गरज संपवली. वृत्तछायाचित्रकारांना चलचित्रणही करता यावे म्हणून दिलेली ही सोय होती. परंतु ३६ गुणिले २४ मिलिमीटरचे पृष्ठ आणि बदलता येणारी भिंगे सुमारे २,७०० डॉलरांत मिळू लागल्यावर चित्रपटकर्त्यांनी तो कॅमेरा आपलासा केला. सुरुवातीला तो सेकंदाला ३० चौकटीच टिपत असे. २४ चौकटींची सोय २०१० मध्ये अंतर्गत आज्ञावली सुधारून देण्यात आली. सलग बारा मिनिटांच्या आसपास चित्रणाची मर्यादा होती आणि कॅमेरा वेगाने फिरवला की उभ्या रेषा तिरक्या होत. या मर्यादांशी जुळवून घेत एक पिढी चित्रपट करायला शिकली.

आरशाविना चालणाऱ्या त्यानंतरच्या कॅमेऱ्यांनी आणखी एक दार उघडले. भिंगाची बैठक आणि प्रकाशग्राही पृष्ठ यांतील अंतर निकॉनच्या जुन्या पद्धतीत ४६.५ मिलिमीटर होते, तर सोनीच्या ई-पद्धतीत ते १८ मिलिमीटर आहे. उरलेली जागा धातूच्या साध्या कड्याने भरली की जवळजवळ कोणतेही जुने भिंग नव्या कॅमेऱ्यावर चालते. कपाटांत धूळ खात पडलेली भिंगे, विशेषतः सोव्हिएत काळातील ५८ मिलिमीटरचे ‘हेलिओस ४४’, पुन्हा बाजारात आली. या भिंगातून पार्श्वभूमीचे ठिपके भोवऱ्यासारखे फिरल्यागत दिसतात. भिंगशास्त्राच्या दृष्टीने हा दोष आहे. चित्रपटकर्त्यांना तोच हवासा वाटला. २०१३ मध्ये आलेल्या ब्लॅकमॅजिकच्या ९९५ डॉलरांच्या खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यामुळे १६ मिलिमीटरच्या काळातील भिंगांनाही असाच पुनर्जन्म मिळाला.

४. भिंग आणि दृष्टिबिंदू

निवेदनशास्त्राने प्रकाशशास्त्राकडून शब्द उसने घेतले आहेत. दृष्टिबिंदू, दृष्टिकोन, पार्श्वभूमी हे शब्द मराठी समीक्षेत नित्याचे आहेत. जेरार झेनेत यांनी १९७२ मध्ये ‘कोण बोलतो’ आणि ‘कोण पाहतो’ हे दोन प्रश्न वेगळे केले आणि दुसऱ्या प्रश्नासाठी जी संज्ञा घडवली तिच्या मुळाशीही भिंगाची नाभीच आहे. चित्रपटात हे रूपक पुन्हा वस्तुरूप धारण करते. काय स्पष्ट दिसावे आणि काय धूसर राहावे हे भिंग ठरवते. म्हणजेच कोणत्या गोष्टीला कथेत स्थान आहे आणि कोणती केवळ वातावरणापुरती आहे, हेही काही अंशी तेच ठरवते.

आंद्रे बाझँ यांनी ऑर्सन वेल्स यांचा ‘सिटिझन केन’ (१९४१) आणि झाँ रन्वार यांचे चित्रपट यांच्या आधारे खोलवर स्पष्ट असलेल्या चौकटीचा पुरस्कार केला होता. अशा चौकटीत प्रेक्षकाला कुठे पाहावे याची निवड करता येते आणि वास्तवाची संदिग्धता टिकून राहते, असे त्यांचे प्रतिपादन होते. या निकषावर ५डीनंतरच्या स्वतंत्र चित्रपटांकडे पाहिले असता एक विरोधाभास समोर येतो. मोठ्या पृष्ठाच्या कॅमेऱ्याने गरीब चित्रपटकर्त्याला सधन चित्रपटाचे सौंदर्य दिले. परंतु त्या सौंदर्याच्या मोहात असंख्य लघुपटांतून माणसाच्या मागचा परिसर पुसला गेला. खेडे असो वा चाळ, ती केवळ प्रकाशाच्या गोल ठिपक्यांची पार्श्वभूमी होऊन उरली. ज्या कथा प्रथमच सांगितल्या जात होत्या त्यांचे स्थळच अस्पष्ट झाले. एखाद्या भाषेतील नव्या लेखकांनी एकाच यशस्वी शैलीचे अनुकरण सुरू केल्यावर लेखनाचे जे होते, तेच येथेही झाले.

विशेष भिंगाचा विचारपूर्वक उपयोग कसा होऊ शकतो याचे उदाहरण म्हणून शॉन बेकर यांच्या ‘टँजरीन’ (२०१५) या अमेरिकन चित्रपटाचा विचार करता येईल. लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर नाताळच्या आदल्या दिवशी घडणारी, देहविक्रय करणाऱ्या दोन पारलिंगी मैत्रिणींची ही कथा आयफोन ५एस या फोनवर चित्रित झाली. फोनमध्ये प्रकाश, फोकस आणि चौकटींची गती स्थिर ठेवणारी आज्ञावली होती आणि भिंगावर मूनडॉग लॅब्ज या कंपनीचे अ‍ॅनामॉर्फिक उपभिंग बसवलेले होते.

अ‍ॅनामॉर्फिक भिंग दृश्य आडव्या दिशेने दाबून टिपते. नंतर ते तेवढेच ताणून दाखवले की चौकट रुंद होते. फ्रान्समधील आंरी क्रेतियाँ यांनी १९२०च्या दशकात हे भिंग विकसित केले. दूरचित्रवाणीच्या स्पर्धेला तोंड देण्यासाठी ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने ते घेतले आणि १९५३ मध्ये ‘द रोब’ या चित्रपटाद्वारे सिनेमास्कोप म्हणून लोकांपुढे आणले. भारतात गुरुदत्त यांच्या ‘कागज के फूल’ (१९५९) या चित्रपटासाठी व्ही. के. मूर्ती यांनी ते वापरले. हा पहिला भारतीय सिनेमास्कोप चित्रपट होय. ‘टँजरीन’च्या उपभिंगाचे दाबण्याचे प्रमाण १.३३ आहे. फोनच्या १.७८ रुंदीच्या चौकटीला ते लावले की सुमारे २.३७ रुंदीची चौकट मिळते. उपभिंगाविना तेवढी रुंदी हवी असती तर चौकटीच्या उंचीचा चौथा हिस्सा कापून टाकावा लागला असता.

हे गणित येथे महत्त्वाचे आहे, कारण त्यातून रूपाचा एक निर्णय उलगडतो. रुंद चौकट हॉलिवूडमध्ये बायबलमधील कथा, युद्धे आणि विस्तीर्ण भूप्रदेश यांच्याशी जोडली गेली होती. महाकाव्याचा छंद रस्त्यावरच्या बोलीसाठी वापरावा तसे ‘टँजरीन’ने ते माप समाजाने कडेला लोटलेल्या दोन माणसांना दिले. शिवाय फोनचे प्रकाशग्राही पृष्ठ जुन्या डीव्ही कॅमेऱ्याइतकेच लहान असल्यामुळे स्पष्टतेचा पट्टा खोल राहिला. नायिका आणि रस्ता, दुकानांच्या पाट्या आणि मावळता सूर्य, सारे एकाच वेळी वाचता येते. लहान पृष्ठाची मर्यादा आणि मोठ्या पडद्याचे भिंग यांच्या संयोगातून पात्र आणि परिसर यांची फारकत टळली. बेकर पुढे फिल्मकडे वळले आणि २०२४ चा त्यांचा ‘अनोरा’ ३५ मिलिमीटरवर चित्रित झाला. स्वस्त साधन हे त्यांच्या दृष्टीने एका कथेसाठी घेतलेले साधन होते, कायमची निष्ठा नव्हती, असा त्याचा अर्थ लावता येतो.

५. भारतीय संदर्भ : काळाचे चित्रण

भारतात स्वस्त साधनांवर चित्रपट करण्याचे एक ठळक उदाहरण पुढीलप्रमाणे आहे. नाशिक जिल्ह्यातील मालेगाव या यंत्रमागाच्या शहरात शेख नासिर यांनी लग्नसमारंभाच्या चित्रणासाठी वापरल्या जाणाऱ्या व्हिडिओ सामग्रीवर ‘मालेगाव के शोले’ (२०००) केला. तेथील हिंदी-उर्दू बोलीत, स्थानिक विनोदाची फोडणी देऊन लोकप्रिय चित्रपटांची विडंबने करण्याची परंपराच त्यातून सुरू झाली. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) या माहितीपटात या मंडळींची चित्रीकरणपद्धती पाहायला मिळते; सायकलवर बसून फिरत्या कॅमेऱ्याचे दृश्य घेणे हा तिचाच भाग. ज्ञात संहितेचे लोकभाषेत केलेले हे रूपांतर तौलनिक अभ्यासकाला भाषांतर, अनुकरण आणि विडंबन यांच्या सीमारेषेवर उभे करते.

वेळेच्या दृष्टीने आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) या माहितीपटाचे महत्त्व मोठे आहे. जुलै १९९७ मध्ये मुंबईच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचा बळी गेला आणि त्यानंतर काही दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. तेथून सुरू झालेले चित्रण चौदा वर्षांच्या काळावर पसरलेले आहे. खटल्याची रखडगती, नव्या शाहिरांचा उदय, राजकीय युतींतील बदल हे सर्व त्यात येते. न्यायाला लागणारा विलंब हा या चित्रपटाचा एक आशयच आहे आणि तो निवेदकाने सांगितलेला नसून चित्रणाच्या कालावधीतून घडलेला आहे. मिनिटाला ९० फूट फिल्म जाळणाऱ्या व्यवस्थेत अशी प्रतीक्षा परवडणारी नव्हती.

कथात्म चित्रपटात याला समांतर असे उदाहरण रीमा दास यांच्या ‘व्हिलेज रॉकस्टार्स’ (२०१७) या असमिया चित्रपटाचे होय. कामरूप जिल्ह्यातील छयगाव हे दास यांचे गाव. चित्रपटाचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नाही. लेखन, दिग्दर्शन, छायालेखन, संकलन आणि निर्मिती या सर्व जबाबदाऱ्या त्यांनी स्वतः सांभाळल्या. ध्वनिमुद्रणासाठी त्यांची चुलत बहीण मल्लिका दास सोबत होती. कॅननच्या ५डी मालिकेतील कॅमेऱ्यावर, नैसर्गिक प्रकाशात, गावातील मुलांना घेऊन सुमारे साडेतीन वर्षांच्या काळात हे चित्रण झाले. टोरांटो महोत्सवानंतर २०१८ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या पुरस्कारासह भनिता दास हिला बालकलाकाराचा, तसेच संकलन आणि स्थळ-ध्वनिमुद्रण यांसाठीचेही पुरस्कार या चित्रपटाला मिळाले. त्याच वर्षी ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून त्याची निवड झाली.

कथा साधी आहे. विधवा आईबरोबर राहणाऱ्या धुनू या दहा वर्षांच्या मुलीला स्वतःची गिटार हवी आहे आणि गावातल्या पोरांबरोबर ती थर्माकोलच्या खोट्या वाद्यांवर बँड चालवते. परंतु या कथेत ऋतू येतात आणि जातात, पूर येऊन शेत बुडते, पाणी ओसरते आणि मुले खरोखरच वाढतात. धुनू वयात येते तेव्हा तो पटकथेतील केवळ एक प्रसंग राहत नाही. पडद्यावरच्या शरीरावर काळ उमटलेला असतो. लेखक कादंबरीत ‘तीन वर्षे लोटली’ असे एका वाक्यात म्हणू शकतो. चित्रपटाला त्यासाठी पात्र बदलावे लागे किंवा रंगभूषेचा आधार घ्यावा लागे. येथे ती तीन वर्षे प्रत्यक्ष खर्ची पडली आहेत, आणि ती खर्ची घालणे परवडले याचे कारण कॅमेरा कर्तीच्या मालकीचा होता व दिवसाचे भाडे भरण्याची घाई नव्हती. २०२४ मध्ये दास यांनी ‘व्हिलेज रॉकस्टार्स २’ करून त्याच मुलीचे पुढचे वय टिपले.

या चित्रपटाची दुसरी विशेषता अंतराची आहे. मोठ्या तंत्रज्ञवर्गाच्या गराड्यात पूरग्रस्त गावातील मुले जशी वागली असती तशी ती येथे वागत नाहीत. कॅमेरा धरणारी व्यक्ती त्यांच्या ओळखीची, त्यांच्याच भाषेत बोलणारी आहे. धुनूच्या खेळाइतकेच तिच्या पायाखालचे पाणी आणि मागची शेते चौकटीत बोलत राहतात. परिसर पुसणाऱ्या रूढ शैलीपासून हा चित्रपट म्हणूनच दूर राहिला आहे.

६. प्रसाराचा प्रश्न आणि समांतर परंपरा

स्वस्त साधनाने अभिव्यक्तीची दारे उघडणे ही घटना मराठी साहित्याला अपरिचित नाही. १९५०च्या दशकाच्या मध्यास अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि त्यांच्या मित्रांनी ‘शब्द’ हे सायक्लोस्टाइल अनियतकालिक काढले. साठोत्तरी काळात अशा अनियतकालिकांची चळवळच उभी राहिली. छापखाना, प्रकाशक आणि प्रतिष्ठित मासिकांचे संपादक यांची मध्यस्थी त्यांनी नाकारली. ओबडधोबड अक्षरे आणि स्वस्त कागद हे दारिद्र्याचे चिन्ह न राहता भूमिकेचे चिन्ह बनले. ‘फेस्टेन’मधील दाणेदार चित्राचे कार्य याहून वेगळे नाही.

या तुलनेतून एक इशाराही मिळतो. अनियतकालिकांनी छपाईचा प्रश्न सोडवला, वितरणाचा नाही. त्यांचा वाचक मर्यादितच राहिला आणि त्यांतील लेखन पुढे ग्रंथरूपाने आल्यावरच ते विस्तृत वाचकवर्गापर्यंत पोचले. स्वतंत्र चित्रपटाची स्थिती तशीच आहे. ‘फेस्टेन’सारख्या चित्रपटाला चित्रपटगृहात जाण्यासाठी ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर उतरवावे लागले आणि तो खर्च चित्रणाच्या साधनांहून मोठा असे. डिजिटल प्रक्षेपण रूढ झाल्यावर तो अडसर गेला, परंतु पडदा मिळवण्याचा अडसर कायम राहिला. असमियासारख्या तुलनेने लहान बाजारपेठेच्या भाषेत केलेला चित्रपट इतर भाषकांपर्यंत पोचतो तो महोत्सव, पुरस्कार आणि उपशीर्षके यांच्या मार्गाने. म्हणजे चित्रपट करण्याचा अधिकार स्वस्त झाला असला, तरी पाहिले जाण्याचा अधिकार अद्याप दुर्मीळच आहे. भाषांतराविना राहिलेल्या प्रादेशिक कादंबरीची व्यथा याहून निराळी नसते.

समारोप

वरील विवेचनातून तौलनिक अभ्यासासाठी तीन उपयुक्त प्रश्न हाती येतात. पहिला प्रश्न वेळेचा : चित्रपटातील कथाकाळ आणि त्याच्या चित्रणाला लागलेला प्रत्यक्ष काळ यांचे नाते काय? दुसरा अंतराचा : कॅमेरा धरणारी व्यक्ती चित्रित माणसांच्या किती जवळची आहे, आणि ती जवळीक चौकटीत कशी उमटते? तिसरा स्पष्टतेचा : भिंगाने कोणाला स्पष्ट ठेवले आणि कोणाला धूसर केले? हे तिन्ही प्रश्न कादंबरीलाही विचारता येतात. निवेदनकाळ, निवेदकाची सामाजिक जागा आणि गौण पात्रांचे चित्रण या नावांनी साहित्यसमीक्षा ते विचारतच आली आहे.

आस्त्रुक यांचे रूपक पाऊण शतकानंतर तांत्रिक अर्थाने प्रत्यक्षात आले आहे. परंतु लेखणी स्वस्त झाल्याने प्रत्येक लेखन साहित्य ठरले नाही. तसेच कॅमेरा स्वस्त झाल्याने प्रत्येक चित्रण चित्रपट ठरत नाही. मिळालेला वेळ कशासाठी खर्ची घातला आणि भिंग कोणत्या कारणासाठी निवडले, यांवर त्या कृतीचे मोल ठरते. अनेक भाषांच्या या देशात ज्या समूहांच्या कथा आजवर इतरांनीच दुरून टिपल्या, त्यांच्या हाती आता कॅमेरा आला आहे. त्यांनी केलेले चित्रपट वाचण्यासाठी साहित्याभ्यासकाला कथानकाच्या पलीकडे जाऊन भिंगाची भाषाही आत्मसात करावी लागेल.